रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती

पहिले महायुद्ध चालू होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील टॉर्की या गावी एक तरुणी औषधे तयार करण्याची विद्या शिकत होती. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयात ती काम करी आणि परीक्षेच्या तयारीसाठी गावातील एका नामांकित औषधविक्रेत्याकडे शिकवणीस जाई. एके दिवशी हे गृहस्थ औषधी वड्या तयार करून दाखवीत होते. प्रमाण काढताना त्यांच्या हिशेबातील दशांशचिन्ह एक घर चुकले. त्यामुळे वड्यांमध्ये औषध दसपट पडले. तरुणीने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. चूक सांगावी, तर ती स्वतः नवखी आणि शिकविणारे वयाने व मानाने मोठे. गप्प राहावे, तर कोणा अजाण रोग्याच्या जिवाशी गाठ! तिने पाय अडखळल्याचे सोंग केले, वड्यांचा पाट खाली पाडला आणि जमिनीवर पडलेल्या वड्यांवर पाय देऊन त्यांचा पार चुरा करून टाकला. मग तिने आपल्या धांदरटपणाबद्दल मोठ्या अजिजीने क्षमा मागितली. गृहस्थांनी तिची समजूत घातली. वड्या पुन्हा नव्याने कराव्या लागल्या.

याच गृहस्थांची आणखी एक गोष्ट त्या तरुणीने पाहिली. त्यांच्या खिशात एक काळसर खडा असे. तो क्युरारे नावाच्या विषाचा होता. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी हे विष आपल्या बाणांच्या टोकांना लावीत. पोटात गेले तर ते फारसा अपाय करीत नाही. पण रक्तात मिसळले की स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबून प्राणी मरतो. असले विष खिशात का बाळगता, असे विचारता त्या गृहस्थांनी सांगितले की, ते जवळ असले म्हणजे आपल्या अंगी मोठे सामर्थ्य आल्यासारखे वाटते. चेहऱ्याने गुबगुबीत, बोलण्यात गोड, गावात प्रतिष्ठित असा हा माणूस, आणि त्याच्या मनात हे! तरुणीने ते ध्यानात ठेवले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी ती आठवण तिच्या उपयोगी पडली. ती कशी, ते शेवटी येईलच.

ही तरुणी म्हणजे अगाथा ख्रिस्ती. तिने सहासष्ट रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. शिवाय शंभराहून अधिक लघुकथा व अनेक नाटके लिहिली. शंभरापेक्षा अधिक भाषांत तिच्या पुस्तकांची भाषांतरे झाली असून आजवर खपलेल्या प्रती दोन अब्जांच्या घरात जातात, असे मानले जाते. पण नुसत्या आकड्यांवरून तिची खरी कामगिरी ध्यानात यावयाची नाही. ज्या पुस्तकाच्या पहिल्या काही पानांतच एखाद्याचा खून होतो, ते पुस्तक वाचून माणसाला भीती वाटावी की गंमत? अगाथा ख्रिस्तीने तीन पिढ्यांच्या वाचकांना गंमतच दिली. आजारी माणसे, प्रवासी, परीक्षेने शिणलेले विद्यार्थी, युद्धाच्या बातम्यांनी त्रासलेले नागरिक, सर्वांनी तिची पुस्तके हाती घेतली आणि घटकाभर आपली विवंचना बाजूला ठेवली. हे कसे साधले, याचे उत्तर तिच्या आयुष्यात सापडते.

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी टॉर्की येथे झाला. तिचे वडील फ्रेडरिक मिलर हे अमेरिकन गृहस्थ होते. आई क्लारा ही बुद्धिमान, पण जरा लहरी स्वभावाची होती. ॲशफील्ड नावाचे त्यांचे मोठे घर होते आणि घराभोवती बाग होती. थोरली बहीण मॅज व भाऊ माँटी हे अगाथापेक्षा बरेच मोठे. त्यामुळे बागेतील झाडे, एक कुत्रा आणि कल्पनेने निर्माण केलेले सवंगडी हेच तिचे सोबती. मुलांनी आठ वर्षांची होईपर्यंत वाचावयास शिकू नये, असे त्या वेळी तिच्या आईचे मत होते. अगाथाने मात्र हे मत कोणाला न विचारताच मोडले. वाचून दाखविलेल्या गोष्टींची पुस्तके ती पुन्हा पुन्हा न्याहाळी. होता होता शब्दांचे आकार ओळखू लागली आणि पाचव्या वर्षीच वाचू लागली. तिला सांभाळणाऱ्या दाईने ही बातमी एखादा अपराध कबूल करावा तशा सुरात मालकिणीच्या कानी घातली. पुढे वडिलांनी तिला गणित शिकविले. शाळेत ती अशी फारशी गेलीच नाही.

अगाथा अकरा वर्षांची असताना, १९०१ साली, वडील वारले. घरची सुबत्ता आधीच ओसरली होती. आता घरात आई आणि ती अशा दोघीच उरल्या. ती अत्यंत लाजाळू होती. पॅरिसमध्ये ती गायन व पियानो शिकली, तिचा हातही चांगला होता; पण लोकांसमोर बसले की बोटे थरथरत. पुढे आईसह ती इजिप्तमधील कैरो येथे काही महिने राहिली असता एका तरुण अधिकाऱ्याने तिच्याबरोबर नृत्य केले आणि तिला आईकडे पोहोचवून सांगितले की, मुलीला नाच उत्तम येतो, आता जरा बोलावयास शिकवा! जो बोलत नाही तो ऐकतो, आणि जो ऐकतो त्याच्यापाशी माणसांच्या बोलण्याचालण्याचा मोठा साठा जमतो. अगाथाचे तसेच झाले असावे.

हा साठा जमण्याचे एक ठिकाण म्हणजे तिच्या आजीचे घर. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग नावाचे उपनगर आहे. तेथे तिच्या वडिलांची सावत्र आई राहत असे. आजीच्या कोठीच्या खोलीला सदा कुलूप असे आणि आत साखर, लोणी, मुरंबे, सुका मेवा यांची रेलचेल असे. दुपारी शेजारपाजारच्या वृद्ध बायका आजीकडे येत. चहा, विणकाम आणि गावगप्पा! कोणाची मोलकरीण काम सोडून गेली, कोणाच्या पुतण्याने पैसे उडविले, अमक्या घरातील पडदे आज दुपारीच का ओढले गेले, यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आजी वृत्तीने आनंदी होती. पण माणसांविषयी तिचा अंदाज नेहमी वाईटाकडे झुके, आणि नवल असे की, तो बहुधा खरा ठरे. कोपऱ्यात बसलेली लहानगी अगाथा हे सारे ऐके. या आजीबाई म्हणजे पुढील कीर्तीचे बीज, असे त्या वेळी कोणाला वाटले असते?

लेखनाची सुरुवात एका आजारपणात झाली. अंथरुणावर पडून कंटाळलेल्या मुलीला आईने एखादी गोष्ट लिहून पाहा, असे सुचविले. गोष्टी झाल्या, एक कादंबरीही झाली. प्रकाशकांनी सर्व परत केले. शेजारी राहणारे प्रसिद्ध कादंबरीकार ईडन फिलपॉट्स यांनी मात्र ते लेखन वाचून तिला मोलाचा सल्ला दिला. पुढे एकदा गुप्तहेरांच्या कथांविषयी बोलणे निघाले असता थोरली बहीण मॅज हिने आव्हान दिले की, अशी कथा लिहिणे अगाथाला जमावयाचे नाही. अगाथा काही बोलली नाही. पण ते शब्द मनात राहिले.

१९१४ साली युद्ध सुरू झाले. त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी अगाथाचा विवाह आर्चिबाल्ड ख्रिस्ती या सैन्यातील वैमानिकाशी झाला. नवरा आघाडीवर गेला आणि ती टॉर्कीच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करू लागली. पुढे तिची नेमणूक औषधालयात झाली. तेथे कधी कामाची झुंबड उडे, तर कधी तासन्‌तास रिकामे जात. सभोवार विषांच्या बाटल्या मांडलेल्या. बहिणीचे आव्हान आठवले. विषप्रयोगाची कथा लिहिण्यास याहून योग्य जागा कोठली असणार?

गुप्तहेर कोण असावा, हा प्रश्न होता. जर्मनीने बेल्जियम पादाक्रांत केल्यामुळे तेथील अनेक निर्वासित टॉर्की भागात येऊन राहिले होते. त्यांच्यातच एखादा सेवानिवृत्त पोलीस अधिकारी असला तर? अशा रीतीने एर्क्यूल पॉयरो जन्मास आला: ठेंगणा, अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, पीळदार मिशांचा, टापटिपीचा अतिरेक करणारा आणि स्वतःच्या बुद्धीचा भलताच अभिमान असलेला. तो जमिनीवर रांगत पावलांचे ठसे शोधीत नाही. खुर्चीत बसून विचार करतो. स्टाइल्स नामक हवेलीतील गूढ प्रकरणाची ही पहिली कादंबरी १९१६ साली लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. शेवटी जॉन लेन या प्रकाशकाने ती स्वीकारली. पण शेवटचे प्रकरण बदलावयास लावले. मूळ हस्तलिखितात पॉयरो न्यायालयात साक्ष देताना रहस्य उलगडतो असे होते. खऱ्या न्यायालयात अशी साक्ष चालणे शक्य नाही, हे प्रकाशकाचे म्हणणे रास्तच होते. मग सर्व मंडळींना दिवाणखान्यात एकत्र बसवून पॉयरो गुन्ह्याची उकल करतो, असा शेवट झाला. पुढे हीच तिच्या कथांची ओळख ठरली. पुस्तक १९२० साली निघाले. त्यापासून लेखिकेस मिळालेली रक्कम अवघी पंचवीस पौंड होती. मात्र औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने, या पुस्तकात विषाची माहिती अचूक दिली आहे, असे गौरवाने लिहिले. या शाबासकीचा तिला जन्मभर अभिमान वाटला.

१९२६ साली ‘रॉजर ॲक्रॉइडचा खून’ या अर्थाच्या नावाची तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. एका लहानशा खेड्यातील हे प्रकरण. त्यातील मूळ युक्ती सुचविणाऱ्यांत एक नाव आपल्या परिचयाचे आहे. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी तरुणपणी, १९२४ साली, तशा कल्पनेचे पत्र तिला धाडले होते. कादंबरीचा शेवट वाचून वाचक चकित झाले, काही संतापले. लेखिकेने आपल्याला फसविले, हा खेळ नियमास धरून नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचणाऱ्यास कळून येते की, प्रत्येक वाक्य खरे आहे. एकही दुवा लपविलेला नाही. वाचकाने तो पाहूनही पाहिला नाही, एवढेच. डोरोथी सेयर्स या दुसऱ्या प्रसिद्ध रहस्यकथालेखिकेने अगाथाबाईंची बाजू घेतली. तो शेवट येथे सांगणे म्हणजे पुढे हे पुस्तक वाचणाऱ्याचा आनंद हिरावून घेणे होय.

रहस्यकथेच्या मनोरंजनाचे मर्म येथेच आहे. ही कथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यामधील एक पैज असते. बुद्धिबळाच्या पटावर जशी सर्व मोहरी दोघांनाही दिसतात, तसे सर्व पुरावे दोघांच्याही समोर असावे लागतात. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथालेखकांनी एक मंडळ स्थापन केले. दैवी साक्षात्कार, मंत्रतंत्र किंवा योगायोग यांच्या साहाय्याने गुन्हा उकलावयाचा नाही आणि महत्त्वाचा दुवा वाचकापासून दडवावयाचा नाही, अशी शपथ सभासदांना घ्यावी लागे. अगाथाबाई त्या मंडळाच्या सभासद होत्या. सेयर्सबाई १९५७ साली वारल्यावर अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांनी एकच अट घातली: भाषणे दुसऱ्या कोणी तरी करावी. वयाची पासष्टी उलटली तरी कैरोमधील ती लाजाळू मुलगी काही बदलली नव्हती!

ज्या १९२६ सालाने कीर्ती दिली, त्याच सालाने मोठे दुःखही दिले. आई वारली. ॲशफील्डचे रिकामे घर आवरण्याचे काम अगाथाबाईंना एकटीलाच करावे लागले. त्यातच पतीचे मन दुसरीकडे वळले. ३ डिसेंबरच्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सरे परगण्यात एका उतारावर सोडून दिलेली सापडली. बाईंचा पत्ता नव्हता. शोध सुरू झाला. पोलीस, हजारो स्वयंसेवक, शिकारी कुत्रे, विमानेसुद्धा! शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्यांचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या माणसास दाखविला. वर्तमानपत्रांनी रोज नवे तर्क छापले. कोणी पतीवर खुनाचा संशय घेतला, कोणी हा सारा पुस्तके खपविण्याचा डाव असल्याचे म्हटले. अकरा दिवसांनी, उत्तरेकडील हॅरोगेट या गावच्या एका विश्रामगृहात, दुसऱ्याच नावाने राहत असलेल्या अगाथाबाई सापडल्या. तेथील वादकांनी त्यांना ओळखले होते. स्मृती गेली होती, असे कुटुंबाने जाहीर केले. बाईंनी स्वतः त्या दिवसांविषयी उभ्या आयुष्यात जवळजवळ अवाक्षर काढले नाही. आपल्या मोठ्या आत्मचरित्रातही ते दिवस त्यांनी गाळले.

कथेतील रहस्य वाचून लोकांची करमणूक होते, तेव्हा कोणाचे काही बिघडत नाही. येथे एका जिवंत, दुःखी स्त्रीचे आयुष्य लोकांनी कादंबरीप्रमाणे चघळले. त्यानंतर त्यांनी वृत्तपत्रांवर कधी विश्वास ठेवला नाही. संशयाची सावली निरपराध माणसावर पडली की त्याचे काय होते, हा विषय मात्र त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येऊ लागला. अपराधी सापडणे महत्त्वाचे खरे. पण तो सापडेपर्यंत त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतील प्रत्येकाकडे लोक वाकड्या नजरेने पाहतात. घरात भाऊ बहिणीला आणि बायको नवऱ्याला भिऊ लागते. त्या निरपराधांची सुटका व्हावी म्हणून सत्य बाहेर येणे अवश्य, अशी त्यांची धारणा होती.

१९२८ साली घटस्फोट झाला. त्याच वर्षी अगाथाबाई एकट्याच ओरिएंट एक्सप्रेस या गाडीने पूर्वेकडे निघाल्या आणि बगदादला पोहोचल्या. इराकमधील उर येथे तेव्हा प्राचीन नगराचे उत्खनन चालू होते. १९३० साली त्या पुन्हा तेथे गेल्या असता मॅक्स मॅलोवन या तरुण संशोधकाशी ओळख झाली आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. मॅक्स त्यांच्यापेक्षा सुमारे चौदा वर्षांनी लहान होते. संसार सुखाचा झाला. सीरिया व इराकमधील उत्खननाच्या जागी त्या पतीबरोबर अनेक वर्षे जात राहिल्या. सापडलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढीत, नोंदी ठेवीत. निमरूद येथे विहिरींतून निघालेल्या हस्तिदंती कलाकृतींवरचा चिखल काढावयाचा होता. बाईंनी एक बारीक सुई आणि चेहऱ्यास लावण्याची आपली क्रीम घेतली. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नाजूक मूर्ती अशा रीतीने उजळल्या.

विवाहाच्या त्याच वर्षी, १९३० मध्ये, मिस मार्पल या वृद्धेची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. मिस मार्पल सेंट मेरी मीड नावाच्या कल्पित खेड्यात राहते. एक धर्मगुरूचे घर, शेजारी दोनचार प्रौढ कुमारिकांच्या बंगल्या, एक डॉक्टर, एक दुकान, एवढाच त्याचा विस्तार. कर्नल प्रॉथेरो हा गावातील कोणालाच न आवडणारा गृहस्थ एके संध्याकाळी धर्मगुरूच्या अभ्यासिकेत मरून पडलेला आढळतो. गंमत अशी की, त्याला मारणारा जगावर उपकारच करील, असे खुद्द धर्मगुरूच आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी बोलून चुकलेला असतो! खोलीतील घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते, आणि ही गोष्ट कोणास ठाऊक होती व कोणास नव्हती, हा मोठा प्रश्न होऊन बसतो. पुस्तकात गावाचा नकाशा दिलेला आहे. वाचक नकाशावर बोट ठेवून कोण कोठून कोठे गेले हे ताडून पाहतो आणि प्रत्येक प्रकरणागणिक आपला संशय एका माणसावरून दुसऱ्यावर नेतो. मिस मार्पल मात्र आपल्या बागेत तण काढीत असते. पक्षी पाहण्यासाठी म्हणून ठेवलेली दुर्बीण तिच्या हाताशी असते. पण रस्त्यावरून जाणारा माणूसही तिच्या दृष्टीतून निसटत नाही.

पोलीस अधिकारी प्रथम तिला हसतात. म्हाताऱ्या बाईला काय कळणार? पण तिची तर्कपद्धती साधी आहे. जगातील माणसे सर्वत्र सारखीच, असे ती मानते. एखाद्या श्रीमंत सभ्य गृहस्थाला पाहून तिला गावातला, सुटे पैसे देताना हातचलाखी करणारा पोऱ्या आठवतो आणि ती सावध होते. ईलिंगच्या आजीची आणि तिच्या मैत्रिणींची दृष्टी ती हीच! अगाथाबाईंनी ती विसरली नव्हती. मोठ्या शहरातील चोर-दरोडेखोरांच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या होत्या. आपल्या शेजारच्या घरात, जेथे फुलझाडांना वेळेवर पाणी घातले जाते आणि रविवारी सारे प्रार्थनेला जातात, तेथे लोभ आणि मत्सर कसे दबा धरून बसतात, हे दाखविण्यात बाईंचा हातखंडा होता. त्या रक्तपाताची वर्णने करीत बसत नाहीत. हा त्यांचा संयम वाखाणण्यासारखा आहे. पुढच्या अनेक लेखकांना तो साधला नाही.

त्यांचे लेखन कोठे चाले, हे पाहण्यास छायाचित्रकार येत आणि निराश होत. कारण त्यांना लेखनाची खोलीच नव्हती. एखादे भक्कम मेज आणि टंकलेखनयंत्र असले की पुरे. कथानक मात्र न्हाणीच्या टबात बसून सफरचंदे खात खात रचले जाई! सुचलेली कल्पना शाळकरी वह्यांत खरडून ठेवीत. अशा त्र्याहत्तर वह्या आजही आहेत. त्यांत एका पानावर विषाचे टिपण, तर दुसऱ्या पानावर बाजाराची यादी असे.

दुसऱ्या महायुद्धात त्या पुन्हा औषधालयात रुजू झाल्या. या वेळी लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयात. शहरावर बाँब पडत होते. आपण वाचू की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून त्यांनी पॉयरोची अखेरची कथा कन्येसाठी आणि मिस मार्पलची एक कथा पतीसाठी लिहून कडेकोट बंदोबस्तात ठेवून दिली. त्यांपैकी पहिली १९७५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पॉयरोच्या मृत्यूची वार्ता न्यूयॉर्कच्या एका प्रख्यात दैनिकाने पहिल्या पानावर छापली. कल्पित माणसाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

नाटकांतही त्यांनी यश मिळविले. उंदराचा सापळा अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये रंगभूमीवर आले. ते फार तर आठ महिने चालेल, असा बाईंचा अंदाज होता. गुन्हेगार ओळखण्यात तरबेज असलेल्या बाई येथे साफ चुकल्या. मार्च २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे नाट्यगृहे बंद होईपर्यंत ते अखंड चालले, मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २०२२ साली त्याला सत्तर वर्षे पुरी झाली. नाटक संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते की, खुनी कोण हे बाहेर कोणास सांगू नये. लाखो प्रेक्षकांनी ती मानली. या नाटकाचे हक्क त्यांनी आपल्या नातवाला त्याच्या नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून आधीच देऊन टाकले होते. १९७१ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना डेम हा किताब दिला. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्ड येथील घरी, वयाच्या पंचाऐंशिव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता खिशात विष बाळगणाऱ्या त्या औषधविक्रेत्याकडे वळावयाचे. त्याची आठवण मनात घोळवून अगाथाबाईंनी १९६१ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ फिकट घोडा असा होतो. या कथेत थॅलियम नावाच्या विषाचे वर्णन आहे. त्याला रंग, वास किंवा चव नाही. त्याची लक्षणे दुसऱ्या रोगांसारखी दिसतात. मात्र त्याने रोग्याचे केस गळू लागतात. औषधालयात मिळविलेले ज्ञान बाईंनी येथे नेहमीसारखेच चोख वापरले होते.

१९७७ साली आखातातील कतार या देशातून दीड वर्षाच्या सुमाराची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणण्यात आली. ती अर्धवट शुद्धीवर होती आणि दिवसेंदिवस खालावत होती. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. रोगाचे निदान होईना. तिच्या शुश्रूषेस असलेली एक परिचारिका त्या दिवसांत हीच कादंबरी वाचीत होती. एके सकाळी मुलीचे केस गळत असल्याचे दिसले. डॉक्टर पलंगाजवळ उभे असताना तिने धीर करून, हे थॅलियम तर नसेल ना, असे विचारले. तिने पुस्तकातील लक्षणे सांगितली. डॉक्टरांनी तिला हसून वाटेला लावले नाही, तपासणी करविली. मुलीच्या शरीरात थॅलियमचे प्रमाण सामान्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक निघाले. घरात झुरळे व उंदीर मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यातून ते तिच्या पोटात गेले असावे. योग्य उपचार सुरू झाले आणि मुलगी हळूहळू बरी होऊ लागली. त्या डॉक्टरांनी पुढे एका वैद्यकीय नियतकालिकात या रोग्याविषयी लेख लिहिला आणि त्यात दिवंगत अगाथा ख्रिस्ती यांचे व त्या परिचारिकेचे आभार मानले.